तापलेला फेब्रुवारी, भिजलेला एप्रिल: चांदवड तालुक्यातल्या तीन एकर उन्हाळ कांद्याचं प्रकरण

हे प्रकरण २०२३ च्या उन्हाळ कांद्याचं आहे. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. तारखा, वजनं आणि मिळालेले भाव कुटुंबाच्या वहीतले आहेत. एकाच रानातला, जवळपास एकाच वेळी उपटलेला कांदा तीन वेगवेगळ्या रीतींनी हाताळला गेला आणि तिन्हींचं पुढे काय झालं ते स्वतंत्र मोजलं गेलं, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडण्यासारखं वाटलं. असं मोजमाप शेतात सहसा होत नाही. सगळा माल एकाच चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर छपरात, पडतो, आणि सडला की दोष पावसाच्या माथी जातो.

पार्श्वभूमी

चांदवड तालुक्यातलं, लासलगाव बाजाराला जवळ पडणारं गाव. साडेपाच एकर जमीन, एक विहीर, प्लास्टिकचा कागद अंथरलेलं एक शेततळं. घरात कर्ता मुलगा, त्याची बायको आणि वडील. वडिलांना सगळे आबा म्हणतात. स्वतःची पंचवीस टनांची कांदाचाळ आहे, वर पत्रा आणि बाजूंना बांबूच्या पट्ट्या.

त्या रब्बीत कांदा दोन तुकड्यांत होता. पहिलं माळाचं रान, दीड एकर, हलकी मुरमाड जमीन, गादीवाफे आणि ठिबक. तिथली लागण १८ डिसेंबरची. दुसरं विहिरीचं रान, तेही दीड एकर, पण काळं आणि पाणी धरून ठेवणारं. तिथे सपाट वाफे आणि पाटपाणी, लागण ६ जानेवारीची. रोपं दोन्हीकडे एकाच घरगुती बियाण्याची. उन्हाळ कांदा लागणीपासून साधारण ११० ते १२० दिवसांत तयार होतो, म्हणजे माळाचं रान एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आणि विहिरीचं रान एप्रिलअखेर निघणं अपेक्षित होतं.

हवामानानं काय केलं

भारतीय हवामान विभागाच्या नोंदींनुसार फेब्रुवारी २०२३ मध्ये देशाचं सरासरी कमाल तापमान २९.५४ अंश होतं. १९०१ पासूनच्या फेब्रुवारी महिन्यांत हे सर्वांत जास्त. नाशिकच्या पठारावर हा ताप वेगळ्या पद्धतीनं जाणवतो. जिल्ह्याचा हा भाग समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच आहे. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली की दुपार तापते, पण रात्री जमीन झपाट्यानं थंड होते. पहाटे स्वेटर आणि दुपारी दोनला झाडाची सावली शोधायची, असे दिवस त्या महिन्यात गेले.

पुढे मार्चमध्ये वारे फिरले. तापलेल्या जमिनीवर समुद्राकडची दमट हवा आली की दुपारनंतर ढग उभे राहतात आणि मेघगर्जनेसह पाऊस, कधी गारा, असा प्रकार होतो. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि मध्यावर, मग पुन्हा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात जिल्ह्यात अवकाळी झाला. द्राक्षं, गहू आणि कांदा, तिन्ही पिकं एकाच वेळी सापडली.

कांद्याच्या बाबतीत या उष्णतेचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढच्या सगळ्या चुका तिथूनच सुरू होतात. कांद्याची प्रत्येक पात खाली एक पापुद्रा देते. जितक्या पाती, तितके थर. कांद्याला पातीच्या वाढीसाठी थंडी लागते आणि पोसण्यासाठी थोडी ऊब व मोठा दिवस लागतो. ऊब लवकर आली की पुरेशा पाती येण्याआधीच झाड कांदा धरायला लागतं. नवी पात येणं थांबतं, थर कमी पडतात आणि कांदा लहान राहतो. अशा वेळी वरून कितीही खत टाकलं तरी न आलेल्या पाती परत येत नाहीत.

अडचण कशी वाढत गेली

२० फेब्रुवारीनंतर माळाच्या रानात पातीचे शेंडे वाळायला लागले. जवळून पाहिलं तर पातीवर चांदीसारखे पांढरट ओरखडे होते आणि पातींच्या बेचक्यात पिवळसर बारीक फुलकिडे होते. उष्ण, कोरड्या हवेत फुलकिड्यांची पिढी लवकर पुरी होते. दहा ठिकाणची रोपं पांढऱ्या कागदावर झटकून मोजली, तेव्हा रोपामागे चाळीसच्या पुढे किडे निघाले. रोपाला तीस ही फवारणीची पातळी धरतात. फिप्रोनिल लिटरला १ मिली आणि चिकटद्रव्य लिटरला ०.६ मिली या प्रमाणात संध्याकाळी फवारणी केली. कांद्याची पात मेणचट असते, चिकटद्रव्य नसेल तर थेंब घरंगळून जातो.

इथे पाण्याचा निर्णय बरोबर झाला. माळावर दर तीन दिवसांनी दोन तास ठिबक चालत होतं. हलक्या जमिनीत एवढ्या वेळात पाणी मुळांच्या खाली निघून जातं आणि तिसऱ्या दिवशी दुपारी वाफा कोरडा पडतो. २७ फेब्रुवारीपासून रोज पहाटे चाळीस मिनिटं असं वेळापत्रक केलं. पाणी तेवढंच, फक्त वाटून दिलं. आठवड्याभरात नव्या शेंड्यांचं वाळणं थांबलं.

विहिरीच्या रानात मात्र उलट घडलं. तिथे नत्राचे दोन हप्ते वेळेवर, लागणीनंतर ३० आणि ४५ दिवसांनी, देऊन झाले होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यातल्या पावसानं काळ्या रानात पाणी साचलं, मुळं गुदमरली आणि पात पिवळी पडली. पिवळी पात म्हणजे भूक, असं समजून १० मार्चला, लागणीच्या ६३ व्या दिवशी, ४५ किलोची युरियाची एक गोणी दीड एकरात टाकली. चार दिवसांत रान हिरवंगार दिसलं आणि सगळ्यांना बरं वाटलं. खरी गरज होती वाफ्याच्या तोंडाशी चर काढून पाणी बाहेर काढायची आणि वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती ओलसर पण मोकळी होईपर्यंत, थांबायची. उशिरा दिलेलं नत्र कांद्यापेक्षा मानेत, म्हणजे पात आणि कांदा जुळतात त्या भागात, जातं. मान जाड राहते, वेळेवर पडत नाही आणि वाळताना नीट मिटत नाही. चाळीतल्या सडीचं बी तिथेच पेरलं जातं.

मार्चअखेर तिसरी गोष्ट दिसली. जानेवारीतल्या थंडीनंतर एकदम आलेल्या उबेमुळे माळाच्या रानात शंभरात सहा झाडांना डेंगळे आले होते. डेंगळ्याच्या कांद्यात मधोमध फुलदांड्याचा पोकळ दांडा राहतो, तो कांदा टिकत नाही. ही झाडं तेव्हाच दोरी बांधून खुणावून ठेवली. काढणीत ती वेगळी करणं त्यामुळे सोपं गेलं.

निर्णयाचा दिवस: ४ एप्रिल

माळाच्या रानाचं पाणी २२ मार्चला तोडलं होतं. ४ एप्रिलला लागणीचा १०७ वा दिवस. रान लांबून पाहिलं तर पूर्ण पिकल्यासारखं, पिवळं दिसत होतं. हवामान विभागाच्या अंदाजात ७ तारखेपासून मेघगर्जनेसह पावसाची शक्यता होती. गावात ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच, उपटून घ्या.

आबा त्या दिवशी वाफ्यात उतरले आणि त्यांनी एक पिवळं झाड उपटून मुलाच्या हातात दिलं. ‘पात वाळली म्हणून कांदा पिकत नाही. मान दाब.’ मान टणक होती आणि दाबल्यावर पाणी सुटलं. शेजारचं, स्वतःहून आडवं पडलेलं झाड उपटलं तर त्याची मान बोटांत चपटी झाली, आत पोकळ. उन्हानं वाळलेली पात आणि पिकून पडलेली मान यातला फरक एवढाच असतो आणि तो लांबून दिसत नाही.

मग मोजणी केली. रानात नागमोडी चालत दहा जागी थांबायचं, प्रत्येक जागी सलग वीस झाडं पाहायची आणि स्वतःहून मान मोडलेली तेवढीच धरायची. २०० पैकी ९६ निघाली, म्हणजे ४८ टक्के. निम्म्या माना पडल्या की काढणी, हा नेहमीचा निकष. माळाचं रान काठावर होतं. विहिरीच्या रानात हीच मोजणी केली तर २०० पैकी १४.

समोर चार वाटा होत्या.

दोन्ही रानं उपटून घेणं ही पहिली. विहिरीच्या रानातला कांदा जेमतेम ८८ दिवसांचा, कच्चा आणि जाड मानेचा. तो चाळीत टिकला नसता, लगेच विकावा लागला असता, आणि त्या आठवड्यांत बाजारात भाव पडलेले होते. ही वाट लगेच सोडून दिली, ते योग्यच झालं.

दुसरी वाट म्हणजे माळाचं रान काढायचं आणि विहिरीचं उभं ठेवायचं. तिसरी, दोन्ही उभी ठेवून पाऊस जाऊ द्यायचा. ही वाट गावात कुणालाच पटत नव्हती, पण ती वाटते तितकी चुकीची नाही. निचऱ्याच्या जमिनीत उभा कांदा एखादा पाऊस सोसतो. वरचा पापुद्रा डागाळतो, काही मुळं पुन्हा धरतात, काढणी आठवडाभर लांबते. नुकताच उपटलेला कांदा मात्र एकही पाऊस सोसत नाही. चौथी वाट, माळाचा कांदा काढून ओलाच बाजारात नेणं. त्यात धोका नव्हता, पण चार-पाच महिने थांबून मिळणाऱ्या भावावर पाणी सोडावं लागलं असतं.

कुटुंबानं दुसरी वाट धरली. निर्णय बरोबर होता, पण त्यासोबत विचारायचा एक प्रश्न कुणी विचारला नाही: उपटलेला माल पावसाआधी कोरड्या छपराखाली नेता येईल का, आणि किती?

ते गणित सोपं आहे. पात कापलेला कांदा १५ सेंटिमीटर थरानं पसरला तर १०० चौरस फुटांत सुमारे ८ क्विंटल मावतो. पातीसकट असेल तर त्याच्या निम्मा. माळाच्या दीड एकरात १६५ क्विंटल निघाला. पातीसकट तो पसरायला चार हजार चौरस फूट छप्पर लागलं असतं. घरचा गोठा सहाशे चौरस फुटांचा, त्यात जनावरं.

काय केलं

टोळीतली चौदा माणसं ठरली होती, नऊ आली. अंदाज सगळ्यांनीच ऐकलेला होता आणि काढणीचा उक्ता दर दोन दिवसांत एकरी ११,००० वरून १४,००० वर गेला होता. ५ आणि ६ एप्रिलला एक एकर उपटून झाला. कांदा रीतीप्रमाणे ओळीत लावला, म्हणजे पुढच्या ओळीची पात मागच्या ओळीच्या कांद्यावर येते, ऊन पातीला लागतं आणि कांदा झाकलेला राहतो.

६ तारखेच्या संध्याकाळी मुलाची बायको शेजारच्या तात्यांकडे गेली. त्यांचं कोंबड्यांचं शेड दोन बॅचच्या मधे रिकामं होतं. धुवून चुना मारलेलं, बाजूंना जाळी, वर पत्रा, छताला पंखे. तात्या म्हणाले, ‘अर्धं घ्या. अर्ध्यात पिल्लांची तयारी केलीय, चार दिवसांत पिल्लं यायचीत.’ अर्धं म्हणजे चौदाशे चौरस फूट. ७ आणि ८ तारखेला ५५ क्विंटल कांदा पात न कापता ट्रॉलीनं तिथे नेऊन पसरला. याला पुढे शेडचा ढीग म्हणू.

७ तारखेच्या सकाळी दुसरा मोठा निर्णय झाला आणि तो चुकला. अर्धा एकर अजून जमिनीत उभा होता. पश्चिमेला ढग दिसत होते. टोळी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शेतावर जाणार होती, मग परत केव्हा येईल सांगता येत नव्हतं. या भीतीपोटी उरलेला अर्धा एकरही उपटला. हा ५५ क्विंटल कांदा पुरेसं ऊन न खाता पावसात सापडला. मजूर मिळणार नाहीत ही भीती खरी होती. पण उभ्या कांद्याला माळावर चर होते, निचरा होता, आणि त्या कांद्याला आठ दिवस उशीर चालला असता.

उरले पहिल्या एकरातले ५५ क्विंटल. शेडमध्ये जागा नाही. पातीसकट माल झाकायला कागद पुरेना, म्हणून ८ तारखेच्या सकाळी पात कापली. मान दोन बोटं ठेवली, ते प्रमाण योग्यच, पण मान अजून हिरवी होती. विळा लागला की चिकट पाणी सुटत होतं. अशी कापलेली मान उघड्या जखमेसारखी असते. तीच पात कांद्यावर राहून वाळली असती तर मान आपोआप मिटली असती. मग शेतातच पोळ, म्हणजे लांबट ढीग, घातली, सहा फूट रुंद आणि साडेतीन फूट उंच, आणि संध्याकाळी पाच वाजता शेततळ्याचा उरलेला काळा कागद वरून टाकून कडांना माती लावली. हा ताडपत्रीचा ढीग.

साडेसहाला पाऊस आला. चाळीस मिनिटं, मधे पाच-सात मिनिटं हरभऱ्याएवढ्या गारा. ताडपत्रीच्या ढिगात पाण्याचा थेंब गेला नाही आणि घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता ऊन पडलं. संध्याकाळी पुन्हा गडगडाटाचा अंदाज होता, म्हणून कागद तसाच ठेवला. दुपारी दोनला एक कड उचलली तर आतून वाफ तोंडावर आली. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब लगडलेले होते आणि ओघळून ढिगाच्या वरच्या थरावर पडत होते. हात कोपरापर्यंत आत घातला, तर कांदा कोमट नाही, गरम लागला. पाऊस बाहेर अडला, पण हिरव्या मानांतून निघालेला ओलावा आत कोंडला, आणि काळ्या कागदानं त्याला उकड दिली. जिवाणूंच्या मऊ कुजीला आणि काळ्या बुरशीला याहून सोयीची जागा नसते.

अर्ध्या एकरातला भिजलेला ढीग चिखलात पडून होता. ९ तारखेच्या सकाळी तो तसाच उन्हात वाळू द्यावा असा विचार होता. तेवढ्यात तालुक्यातल्या एका कृषी सहायकाला फोन लावला, आणि त्यांनी नको म्हणून सांगितलं. ओल्या कांद्यावर कडक ऊन पडलं की उन्हाकडची बाजू शिजते, पांढरट मऊ चट्टा पडतो आणि दोन आठवड्यांनी तिथूनच सड सुरू होते. तात्यांनी पिल्लं दहा दिवस पुढे ढकलली. ती गोष्ट लहान नव्हती, हॅचरीशी बोलून त्यांनी तारीख बदलून घेतली. शेडच्या उरलेल्या अर्ध्या भागात हा कांदा माती न धुता, फक्त झटकून, पातीसकट पसरला. पंखे रात्रंदिवस चालू ठेवले. दिवसाआड हातानं उलटवला आणि मऊ लागेल तो काढून टाकला.

विहिरीच्या रानात गारांनी पात फाटली होती. वाफ्यांचे बांध खालच्या अंगाला फोडून पाणी काढलं. पातीच्या जखमांतून करपा रोग शिरू नये म्हणून १० एप्रिलला मॅन्कोझेब लिटरला २.५ ग्रॅम, चिकटद्रव्यासह फवारलं. त्यानंतर या रानाला ना पाणी दिलं, ना खत. महसूल आणि कृषीची माणसं येऊन उभ्या पिकाचा पंचनामा करून गेली. उपटून पडलेल्या कांद्याची नोंद त्यात झाली नाही. पीकविमाही उतरवलेला नव्हता. विमा असता तर तेव्हाच्या नियमांनुसार काढणीनंतर शेतात पसरलेल्या मालाचं नुकसान चौदा दिवसांपर्यंत धरलं जात होतं, मात्र सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागत होती.

विहिरीचं रान २६ एप्रिलला काढलं. तेव्हा ५५ टक्के माना पडल्या होत्या. उरलेल्यांपैकी बऱ्याच माना अंगठ्याएवढ्या जाड, १० मार्चच्या युरियाची ती देणगी.

परिणाम

शेडचा ढीग: १२ दिवसांत पात कडकडीत वाळली, मान चिमटीत धरली तर कागदासारखी. मग पात कापून ५५ क्विंटल चाळीच्या मधल्या खणात भरला. ३० ऑगस्टला काढला तेव्हा ४५ क्विंटल विकण्यासारखा निघाला. भाव क्विंटलला सरासरी २,०५० रुपये, म्हणजे एकूण ९२,२५० रुपये.

ताडपत्रीचा ढीग: दहा दिवसांत १२ क्विंटल खाद (खराब कांदा) निघाली, ती २०० रुपयांनी गेली. उरलेले ४३ क्विंटल दिसायला बरे होते. मुलाला ते चाळीत ठेवायचे होते. आबांनी एक डालं भरून घेतलं आणि एकेका कांद्याची मान अंगठ्यानं दाबत बसले. वीसातले सात मऊ. एप्रिलअखेर सगळा ७०० रुपयांनी विकून टाकला. एकूण ३२,५०० रुपये.

हे दोन ढीग एकाच एकरातले, त्याच दोन दिवसांत उपटलेले, वजनानंही सारखे. फरक ५९,७५० रुपयांचा. भावातला फरक त्यात धरलेला आहे हे खरं, पण तो भाव गाठण्याची ताकद एकाच ढिगात उरली होती.

भिजलेला ढीग: ९ क्विंटल निवडून टाकावा लागला. ४६ क्विंटल वाळला, पण पापुद्रा काळपट. तो चाळीच्या दाराजवळच्या खणात, बाकीच्यांपासून वेगळा ठेवला, कारण तोच आधी काढावा लागणार हे उघड होतं. २५ मे रोजी ४१ क्विंटल ७५० रुपयांनी गेला. चिखलात भिजलेल्या कांद्यानं कोरड्या ठेवलेल्या ताडपत्रीच्या कांद्यापेक्षा कमी खाद दिली, हे कुटुंबाला सर्वांत अनपेक्षित वाटलं. पाऊस अंगावर घेतलेला कांदा हवेशीर सावलीत सावरला, पाऊस न लागलेला मात्र कोंडून सडला.

विहिरीचं रान: १५० क्विंटलपैकी जाड मानेचा, जोड आणि गोल्टी (अगदी लहान) असा २६ क्विंटल लगेच ४५० रुपयांनी विकला. १२४ क्विंटल चाळीत गेला. ऑगस्टच्या सुरुवातीला वास यायला लागला म्हणून तो आधी काढला. ८८ क्विंटल निघाला, सरासरी भाव १,६५० रुपये. तीन महिन्यांत २९ टक्के घट. शेडच्या ढिगात त्याहून महिनाभर जास्त काळात १८ टक्के. तो ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला, दमट हवा कमी होती. नेहमीसारखा पावसाळा असता तर विहिरीच्या कांद्याची घट आणखी वाढली असती असं आमचं मत आहे.

१९ ऑगस्टला केंद्रानं कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं आणि त्यानंतर जिल्ह्यातले लिलाव काही दिवस बंद राहिले. शेडचा ढीग त्या गोंधळात तग धरून राहिला, म्हणूनच तो महिनाअखेर शांतपणे विकता आला. वास मारणाऱ्या मालाला लिलाव उघडायची वाट पाहता येत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली जागा १० मार्चची. पावसानंतर पिवळ्या पडलेल्या काळ्या रानात युरियाच्या आधी फावडं न्यायला हवं होतं. लागणीला साठ दिवस झाल्यावर नत्र नाही, हा नियम उष्ण वर्षात आणखी कडक पाळावा लागतो, कारण त्या वर्षी कांदा धरायला लवकर सुरुवात झालेली असते. झाडाचं वय दिवसांत मोजण्यापेक्षा कांदा धरला का ते पाहावं. पाच-सहा झाडांची माती बोटानं बाजूला करा. खालचा भाग मानेच्या दुप्पट जाड झाला असेल तर नत्राची वेळ संपली.

दुसरी जागा ७ एप्रिलची सकाळ. झाकायला जागा नसेल तर उपटू नये, हा साधा हिशेब भीतीपुढे टिकला नाही. टोळी जाणार होती तर तिच्याकडून त्या दिवशी आधीच्या ५५ क्विंटलची व्यवस्था करून घेता आली असती. उभा अर्धा एकर आठ दिवसांनी घरच्या माणसांनीही काढला असता.

तिसरी जागा ताडपत्रीची. कागद वापरावाच लागला तर तो कांद्याला टेकता कामा नये. ढीग चार फुटांहून रुंद नको आणि अडीच फुटांहून उंच नको. खाली बाजरीच्या सरमाडाचा (वाळलेल्या ताटांचा) अर्धा फूट थर, भोवती वीतभर खोल चर. दर सहा फुटांवर बांबूची कैची, वर आडवा बांबू, त्यावर कागद, आणि ढीग व कागद यांत किमान एक फूट मोकळी जागा. दोन्ही टोकं उघडी. पाऊस थांबला की रात्र असली तरी कागद काढायचा, पुन्हा ढग आले तर पुन्हा घालायचा. यासाठी माणूस शेतात झोपायला लागतो. पात शक्यतो कापायची नाही. कापायचीच वेळ आली तर तो माल साठवणुकीतून वजा धरायचा आणि आठवड्यात विकायचा.

तात्यांच्या शेडची विचारपूस ६ एप्रिलला झाली, ती मार्चमध्ये व्हायला हवी होती. गावागावांत अशी छपरं असतात: ब्रॉयलरची शेडं, बेदाण्याची रॅक-शेडं, बंद पडलेली पॉलिहाऊसं, लग्नसराईआधीचं मंगल कार्यालयाचं आवार. कुणाचं केव्हा रिकामं असतं हे आधी माहीत असेल तर ऐन वेळी अर्ध्यावर भागवावं लागत नाही. पॉलिहाऊस घेतलं तर त्यावर सावलीची जाळी हवीच, नाहीतर आत तापमान बाहेरच्यापेक्षा वाढतं आणि तिथेही ताडपत्रीचाच प्रकार होतो.

लागणीच्या तारखांबद्दल कुटुंबात अजून मतभेद आहेत. दोन रानांच्या लागणीत १९ दिवसांचं अंतर होतं, म्हणून एका पावसात सगळं सापडलं नाही, असं मुलगा म्हणतो. आबांचं म्हणणं, उन्हाळा आता लवकर येतो, तर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच सगळी लागण उरकावी म्हणजे थंडीत पात भरपूर येईल. आम्हाला दोन्हींत तथ्य दिसतं. लागण डिसेंबरमध्येच, पण आठ-दहा दिवसांच्या अंतरानं तीन टप्प्यांत, म्हणजे एका टोळीला एका वेळी एक एकरच काढायला येईल आणि छप्परही तेवढंच लागेल. फार लवकर लागण केली तर डेंगळे वाढतात, हेही ध्यानात ठेवावं लागेल.

पुढच्या हंगामात त्यांनी तीन टप्प्यांत रोपं टाकली. चाळीच्या पत्र्यावर सरमाडाच्या पेंढ्यांचा अर्धा फूट थर घातला. चाळीचे खण बांबूनं वेगळे करून प्रत्येकावर खडूनं रानाचं नाव, काढणीची तारीख आणि मान दाबून पाहिल्याचा आकडा लिहिला. आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात एप्रिलच्या पानावर तात्यांच्या पिल्लांची तारीख लिहून ठेवली आहे. तात्या ती आता त्यांना विचारूनच ठरवतात.